तळाचा ओंडका

सोमवारी दुपारी, एका जुन्या लाकडी इमारतीच्या भिंतीपाशी, आमच्या स्वयंसेवकांच्या तुकडीच्या प्रमुखानं माझ्या हातात टोचा दिला. दाभणापेक्षा जाड, लाकडी मुठीचा. प्रमुख म्हणजे तिशीतली मुलगी, पण हाताला घट्टे पडलेली. म्हणाली, "प्रत्येक ओंडक्यात खुपसून बघ आणि किती आत जातो ते सांगत जा." वरच्या ओंडक्यांत टोचा जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, शिरत होता. एकेक ओंडका करत मी जमिनीलगतच्या, सगळ्यात खालच्या ओंडक्यापर्यंत आले. बाहेरून तो बाकीच्यांसारखाच दिसत होता, राखाडी आणि लांबच लांब चिरा गेलेला. तिथे टोचा मुठीपर्यंत आत गेला, भिजल्या भाकरीत बोट जावं तसा. बाहेर काढला तर टोकाला तांबूस ओला भुगा.

"साडेचार इंच," मी म्हणाले. वहीत लिहून घेणाऱ्या मुलीनं मान वर करून पाहिलं.

ही इमारत अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात, सुमारे ९,००० फुटांवर, राष्ट्रीय जंगलाच्या हद्दीत आहे. नेमकी जागा मी लिहीत नाही, तशी आम्हाला विनंती होती. उन्हापावसानं राखाडी झालेल्या जुन्या फळ्यांना इथे शोभेच्या भिंतींसाठी चांगला भाव मिळतो, आणि एकाकी इमारतींच्या फळ्या, बिजागऱ्या, कड्या रातोरात नाहीशा होतात. याही इमारतीच्या मागच्या भिंतीवर पाच फळ्या उचकटलेल्या होत्या. ते बघून पोटात कालवलं.

इंग्रजीत तिला बार्न म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका एक शब्द नाही. खाली घोडी आणि गुरं, वर माळ्यावर वाळलेलं गवत, एका कडेला खोगिरं नि अवजारं. मी गोठाच म्हणणार आहे. आत पाऊल टाकलं तेव्हा कित्येक दशकं जनावर न बांधलेल्या त्या जागेतून गवताच्या धुरोळ्याचा आणि जुन्या लाकडाचा जो वास आला, तो आमच्या गावच्या गोठ्याचाच होता.

जंगलात गोठा आला कुठून, हा प्रश्न मलाही पडला होता. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत असे. पुढे सरकारनं जंगलं राखीव केली, पण १९०६ साली आणखी एक कायदा करून राखीव जंगलातली शेतीजोगी जमीनही वसाहतीसाठी खुली केली. लोक आले, झाडं तोडून घरं-गोठे बांधले. इतक्या उंचीवर पीक घ्यायला पुरेसे दिवसच मिळत नाहीत. बरेचसे हरले, जमिनी विकून गेले, आणि त्यातल्या कितीतरी जमिनी पुन्हा वनखात्याकडे आल्या. त्याही आधीची गोष्ट सांगायलाच हवी. हा सगळा मुलूख यूट या इथल्या आदिवासींचा होता. पश्चिम कोलोरॅडोतल्या यूटांना १८८१ साली बळानं शेजारच्या युटा प्रांतात हाकललं. आम्ही ज्या ओट्यावर बसून डबा खायचो तिथून दिसणारं कुरण आधी त्यांचं होतं. पहिल्या संध्याकाळी वनखात्याच्या पुरातत्त्वज्ञ बाईंनी बोलायला सुरुवात केली ती याच गोष्टीपासून, आणि मला ते फार बरं वाटलं.

माझे वडील, अण्णा, कराड तालुक्यातले सुतार. त्यांच्या उमेदीत त्यांनी वाड्यांची कामं केली. त्यातला एक वाडा मी कॉलेजात असताना पाडला. सागवानी खांब, तुळया, कोरीव ब्रॅकेट, सगळं एका व्यापाऱ्यानं लॉरीत भरून नेलं. अण्णा त्या दिवशी घरातून बाहेर पडले नाहीत. मी पुढे संगणकाच्या कामात शिरले, डेन्वरजवळ स्थायिक झाले. हातात हत्यार धरायची वेळ आली ती चित्राची चौकट टांगण्यापुरती. पण तो वाडा मनातून गेला नाही.

अशा कामाला कुणीही जाऊ शकतं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. वनखात्याचा 'पासपोर्ट इन टाइम' नावाचा कार्यक्रम आहे, त्यात सामान्य माणसं पुरातत्त्वज्ञांबरोबर उत्खननात आणि जुन्या इमारतींच्या कामात हात लावतात. २००९ पासून 'हिस्टोरिकोर' ही कोलोरॅडोतली संस्था स्वयंसेवकांकडून ऐतिहासिक इमारतींची दुरुस्ती करून घेते. अशा आणखीही छोट्या संस्था आहेत, त्यांतल्याच एकीबरोबर मी गेले. अर्जात अनुभव विचारला होता, मी 'काही नाही' लिहिलं. तब्येत आणि औषधांची माहिती, घरच्यांचा फोन नंबर, आणि मग वनखात्याशी स्वयंसेवकाचा करार. तो करार नुसती औपचारिकता नव्हे. १९७२च्या कायद्याप्रमाणे काम करताना स्वयंसेवकाला इजा झाली तर भरपाईपुरता तो सरकारी नोकरच धरला जातो. जेवण, हत्यारं, तंबूला जागा त्यांची. तंबू, झोपायची पिशवी, जाड बूट आणि चामडी हातमोजे आपले. मी त्यात प्रेशर कुकर घातला. त्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या भांड्यात डाळ लवकर शिजत नाही. बुधवारी माझी स्वयंपाकाची पाळी होती, आठ जणांनी खिचडी चाटूनपुसून खाल्ली.

पहिल्या दिवशी आम्ही इमारतीचा एक खिळाही हलवला नाही. आधी साफसफाई, आणि तीही झाडू न मारता. हरणउंदीर नावाच्या रानउंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंताव्हायरस पसरतो. १९९३ साली कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि युटा जिथे भिडतात त्या भागात लोक दगावले, तेव्हा तो इथे पहिल्यांदा ओळखला गेला. म्हणून तोंडाला घट्ट मास्क, हातात रबरी मोजे, लेंड्यांवर ब्लीचचं पाणी फवारायचं, मुरू द्यायचं आणि मग ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. सकाळ त्यात गेली. दुपारी फोटो आणि मापं. प्रत्येक भिंतीचा फोटो बाजूला मापाची पट्टी ठेवून, प्रत्येक ओंडक्याला पितळी बिल्ला. उत्तरेची भिंत म्हणून उ, खालून पहिला म्हणून १. माझा टोचा बुडालेला ओंडका उ-१ झाला.

संध्याकाळी उ-१चं काय करायचं यावर बसलो. आमच्यातला एक तरुण म्हणाला, खालचे तिन्ही ओंडके एकदमच बदलून टाकू, पुन्हा बघायला नको. त्याचं म्हणणं मलाही पटलं होतं. प्रमुखानं वही उघडली. उ-२ बाहेरच्या अंगानं दोन इंच कुजलेला, आतून टणक. उ-३ला फक्त एका टोकाला कीड. "जे टणक आहे ते काढायचा आपल्याला अधिकार नाही," ती म्हणाली. इथल्या सरकारी ऐतिहासिक इमारतींना १९६६चा जतन कायदा लागू होतो, आणि कामाची रीतही ठरलेली आहे. दुरुस्त होत असेल तर बदलायचं नाही. बदलावंच लागलं तर त्याच जातीचं लाकूड, तोच आकार, तशाच हत्याराची खूण. त्यामुळे उ-१ पूर्ण नवा, उ-२चा कुजका भाग कोरून तिथे ठिगळ, उ-३चं टोक फक्त साफ. चौदा ओंडक्यांच्या भिंतीत एक नवा. मला अण्णांचा तो वाडा आठवला. तिथेही सगळं कुजलेलं नव्हतं. पण टोचा घेऊन कुणी बघायलाच गेलं नाही.

ओंडका का कुजला, हे मंगळवारी कळलं. भिंतीच्या बुडाशी कुणीतरी केव्हातरी सिमेंटची कड ओतली होती, ओंडक्याला चिकटून, वीतभर उंच. वाईट हेतूनं नव्हे, उंदीर आणि वारा अडवायला. पण सिमेंट ओल धरून ठेवतं, लाकडाला श्वास घेऊ देत नाही. वरून वितळलेल्या बर्फाचं पाणी यायचं आणि मागे अडून राहायचं. ती कड फोडायलाही परवानगी लागली. कारण ५० वर्षांहून जुनी असेल तर तीही इतिहासाचाच भाग धरावी लागते. पुरातत्त्वज्ञ बाईंनी कागद आधीच केले होते, तरी फोडण्यापूर्वी तिचीही मापं आणि फोटो झाले. आपल्याकडे गडांच्या तटबंदीला सिमेंट लावलेलं पाहून चुन्याचा आग्रह धरणारी माणसं का पोटतिडकीनं बोलतात, ते मला त्या दिवशी छिन्नी मारताना खऱ्या अर्थानं समजलं.

आता भिंत उचलायची. हा भाग मी कधी विसरणार नाही. भिंतीला आतून आणि बाहेरून उभे जाड चौकोनी वासे लावले आणि ओंडक्यांच्या मधल्या फटींतून बोल्ट घालून आवळले, म्हणजे ओंडक्यांना एकही भोक पडलं नाही. वाशांच्या खाली जॅक, जॅकच्या बाजूला लाकडी ठोकळ्यांची चवड. चार जण चार जॅकवर. प्रमुख मधोमध उभी राहून हाक द्यायची आणि सगळ्यांनी एकदम दांडा दाबायचा. एका वेळी दोन सूत, जास्त नाही. मग थांबायचं, चवडीत पाचर सरकवायची म्हणजे जॅक दगा देईल तरी भिंत पडणार नाही, ओळंबा बघायचा, आणि ऐकायचं. लाकूड बोलतं हे मी अण्णांकडून शंभरदा ऐकलं होतं. शंभर वर्षं एका जागी बसलेली भिंत उठताना आधी बारीक करकर करते, मग खोलवर एक ठोका देते, दूरवर कुणी दार लावल्यासारखा. पहिल्या ठोक्याला माझे हात थरथरले. प्रमुख म्हणाली, "हा चांगला आवाज आहे. कुरकुर न करता एकदम कडकन वाजलं तर दूर पळायचं." अडीच इंच उचलायला चार तास लागले. मग उ-१ मोकळा झाला. तो आम्ही पहारीनं बाहेर ढकलला तेव्हा मधला भाग हातात आला तो लाकडाचा राहिलाच नव्हता.

नवा ओंडका एंगलमन स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा, भुंग्यांनी मारलेलं उभं वाळलेलं झाड वनखात्यानं दिलेलं. बावीस फूट, वजन दीडशे किलोच्या आसपास. साल काढायला दोन मुठींचा सुरा असतो, ओंडक्यावर दोन पाय टाकून बसायचं आणि पातं पोटाकडे ओढायचं. साल ओली नसल्यानं ती सोलून निघत नाही, खरवडावी लागते. नंतर दोन बाजू चपट्या करायला वाकसासारखं हत्यार. मूळ ओंडक्यांवर तासणीच्या खुणा जशा तिरप्या आणि बोटभर अंतरावर होत्या, तशाच आमच्या पडाव्यात म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर सराव केला.

माझी चूक इथेच झाली. कोपऱ्यातले ओंडके एकमेकांत बसण्यासाठी टोकांना खाच करतात, इथे ती कबुतराच्या शेपटीच्या आकाराची होती, म्हणजे पाणी बाहेर घरंगळतं आणि भिंत उसवत नाही. जुन्या खाचेचा आकार कंपासनं नव्या ओंडक्यावर उतरवून घेतला. रेघ राखून कापायचं, असं मला दोनदा सांगितलं होतं. बुधवारी दुपारी डोकं दुखत होतं, उंचीचा त्रास होत होता, आणि मी कुणाला म्हटलं नाही. करवत रेघेच्या आत गेली. खाच बसवून पाहिली तर करंगळी जाईल एवढी फट. मला रडू आलं. प्रमुखानं फट पाहिली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ओंडका आठ इंच जादा लांब कशाला ठेवला असतो?" ते जादा आठ इंच वापरून खाच पुन्हा कापली. अर्धा दिवस गेला. डोकं दुखत असेल तर करवत खाली ठेवायची, हे मात्र आता कुणी सांगायला नको.

त्या संध्याकाळी गाडीनं वीस मैल खाली आले, फोनला रेंज मिळेपर्यंत. कराडला गुरुवारची सकाळ झाली होती.

"अण्णा, खाच चुकली माझी."

"मोठी झाली का लहान?"

"मोठी."

"लहान झाली असती तर तासता आली असती. बरं, खालचं का कुजलं ते बघितलंत का? नाहीतर नवंही कुजंल."

मी सिमेंटचं सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिथली माणसं शहाणी दिसतात. ओंडका मातीला टेकवू नका म्हणावं, बाई. दगडावर घ्या."

तेच करायचं होतं. गुरुवारी भिंतीच्या बाहेरची माती सहा इंच खणून उतार बाहेरच्या बाजूला काढला, कोपऱ्यांत आणि मध्ये जुनेच सपाट दगड साधणी लावून पुन्हा बसवले. मग सहा जणांनी लोखंडी चिमट्यांनी ओंडका उचलून भिंतीखाली सरकवला. आत जाण्याआधी प्रमुखानं त्याच्या खालच्या, कधी न दिसणाऱ्या अंगावर छिन्नीनं वर्ष कोरलं. पुढे कुणी हा ओंडका काढला तर त्याला कळलं पाहिजे की हा मूळचा नाही. फसवायचं नाही, एवढा तो नियम. जॅक सैल करताना पुन्हा दोन-दोन सूत. भिंत खाली बसली तेव्हा खाचेत पोस्टकार्डही शिरत नव्हतं.

शुक्रवारी फटी बुजवल्या. जुन्या लिंपणाचा तुकडा फोडून पाहिला तर चिकणमाती, वाळू, थोडा चुना आणि घोड्याच्या शेपटीचे केस. नवं लिंपणही तसंच मळलं, केसांसकट. हातमोजे काढून हातानं लिंपायला मी परवानगी मागितली. चुना आहे म्हणून नाही म्हणाले. थापीनंच लिंपलं.

सिमेंटच्या कडेखालची माती चाळताना मला एक खिळा सापडला होता. गोठ्यातले बाकी सगळे खिळे गोल तारेचे. हा चौकोनी, चपटा, गंजून काळा झालेला. पुरातत्त्वज्ञ बाईंनी तो तळहातावर घेतला. तारेचे खिळे १८९०च्या दशकात सगळीकडे झाले, आणि गोठा त्यानंतरचा. म्हणजे हा दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या इमारतीतून आला असावा. अण्णांसाठी तो घरी न्यावा असं मला फार वाटलं. मी विचारलंही. सरकारी जमिनीवरची अशी वस्तू, एक खिळा का असेना, उचलता येत नाही, त्यांनी शांतपणे सांगितलं. पिशवीत घालून त्यावर नंबर, तारीख आणि जागा लिहिली. तो नंबर माझ्या अक्षरात आहे. मी त्याखाली कागद ठेवून पेन्सिलीनं बाह्यरेषा काढून घेतली.

घरी आल्यावर तो कागद अण्णांना पाठवला, फोटो काढून. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"खिळा चारी बाजूंनी निमुळता होता का दोनच?"

मी ते बघितलंच नव्हतं. पुरातत्त्वज्ञ बाईंना ईमेल केली. त्याच दिवशी उत्तर आलं, दोनच बाजूंनी.

"मग यंत्रावर कापलेला," अण्णा म्हणाले. "लोहारानं ठोकलेला असता तर चारी बाजूंनी असता. आणि वाकून सरळ केल्याची खूण आहे का कुठे? आम्ही जुन्या लाकडातले खिळे उपसून दगडावर सरळ करायचो आणि नव्या कामाला लावायचो. त्यानंबी तेच केलं असणार."

मी पुन्हा बाईंना लिहिलं आहे. सप्टेंबरात छपराच्या लाकडी कौलांचं काम निघतंय, त्या आठवड्यासाठी नाव दिलंय. तोपर्यंत बघून झालं नाही तर पिशवी उघडून तिथेच बघू म्हणाल्या.